वेगळी चूल

ग्रीसला जाऊन आलो म्हटले की समोरचा गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो, "अक्रोपोलिस पाहिलेत?" पाहिले. तिथला संगमरवर शतकानुशतकांच्या पावलांनी इतका गुळगुळीत झाला आहे की माझे सगळे लक्ष पार्थेनॉनपेक्षा माझ्या बुटांकडेच होते. सौ. मात्र पर्वतीला निघाल्यासारखी तरातरा चढून गेली आणि वरून मला हात करीत राहिली. दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "खाण्यापिण्याचे मात्र हाल झाले असतील, नाही? तुम्ही शाकाहारी!"

या प्रश्नावर मी आजवर नुसता हसून वेळ मारून नेत आलो. यंदा दिवाळीच्या निमित्ताने त्याचे खरे उत्तर देऊन टाकावे म्हणतो. ते उत्तर अक्रोपोलिसवर नाही. अथेन्सच्या पिरेअस बंदराच्या पाठीमागे निकेआ नावाची एक जुनी वस्ती आहे, तिथल्या एका अंगणात, एका पातेल्यात ते आहे.

माझा धाकटा भाऊ पूर्वी बोटीवर इंजिनीअर होता. पिरेअस हे बोटींच्या मालकांचे गाव. तिथल्या एका कचेरीत त्याला किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि तो बायकोसह तिथेच स्थिरावला. आई गेली, त्यानंतर साताऱ्याचे घर आम्ही विकले. सह्या झाल्या, वाटण्या झाल्या, भांडण असे काही झाले नाही. भांडणाला निदान आवाज असतो. आमच्यात चार वर्षे आवाजच नव्हता. दिवाळीला एक फोन, पाडव्याला एक फोन, आणि मध्ये हवापाण्याच्या चौकशा. अशात एके दिवशी त्याचाच फोन आला, "दादा, मेच्या सुट्टीत या ना दोघं." सौ.ने पलीकडूनच "येतो" म्हणून सांगून टाकले. मी नंतर विचार करीन म्हणेपर्यंत तिकिटे निघाली होती.

निकेआला आता भुयारी रेल्वे जाते. तिथले स्टेशन २०२० साली उघडले. जिना चढून वर आलो तर समोर प्रवासी पुस्तकांतला ग्रीस कुठेच नव्हता. सरळ रेषेत आखलेले अरुंद रस्ते, बुटकी घरे, मधूनच त्यांच्या डोक्यावर उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती, कडेला कडू संत्र्यांची झाडे, आणि दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे पाहत बसलेल्या म्हाताऱ्या. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेठेत आल्यासारखे वाटले. फक्त म्हाताऱ्यांच्या हातात जपमाळेऐवजी विणकामाच्या सुया होत्या.

ही निर्वासितांची वस्ती. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस आणि तुर्कस्तान यांचे युद्ध झाले, त्यात ग्रीसचा पराभव झाला, आणि १९२२च्या सप्टेंबरात स्मर्ना शहर जळाले. आशिया मायनरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ख्रिस्ती लोक मिळेल त्या बोटीने इकडे पळून आले. पुढे १९२३ साली लोझानला करार होऊन दोन्ही देशांनी माणसांची रीतसर अदलाबदल केली. सुमारे बारा लाख माणसे ग्रीसमध्ये आली. त्या वेळी ग्रीसची वस्तीच मुळी पन्नास लाखांच्या आसपास होती! ग्रीसमधून जवळजवळ चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. वाटणी भाषेवर नव्हती, धर्मावर होती. त्यामुळे तुर्की बोलणारे कित्येक ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात पोहोचले. दोघांनाही 'आपल्या' देशात शेजाऱ्याचे बोलणे कळेना. १९४७ पाहिलेल्या आपल्या देशाला ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी मंडळींनी जसे उल्हासनगर उभे केले, तसेच या मंडळींनी पिरेअसमागच्या उजाड माळावर कोक्किनिया उभे केले. आशिया मायनरमधल्या प्राचीन नगरीच्या आठवणीने त्याचेच पुढे निकेआ झाले.

भाऊ राहतो त्या घराची मालकीण चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. सगळी आळी तिला 'याया' म्हणते. याया म्हणजे ग्रीक भाषेत आजी. तिची आई दहा वर्षांची असताना स्मर्नाकडून बोटीने आली होती. घर असे की पुढे यायाच्या दोन खोल्या, मागे भावाच्या दोन खोल्या, बाजूला यायाच्या लेकीचा संसार, आणि मधोमध ओंजळीएवढे अंगण. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आले, की या एवढ्याशा जागेत स्वयंपाकघरे तीन! एकात तर माणूस आत गेले की दार लावायचे म्हणजे श्वास रोखून धरावा लागे.

"इतक्या चुली कशाला?" मी भावाला विचारले.

त्याने सांगितले ते ऐकून मला नवल वाटले. सरकारने दिलेली ती घरे मुळातच चिमुकली. मुलीच्या लग्नात हुंडा म्हणून घराचा भाग द्यायचा, ही इथली चाल. मग एका घराचे दोन भाग, दोनाचे तीन. कोणी जमीन खणून तळघर काढले, कोणी अंगणावर छप्पर घातले. पण जागा कितीही अपुरी असो, लग्न झालेल्या बाईला तिचे स्वतःचे स्वयंपाकघर मिळालेच पाहिजे, हा दंडक. रेने हिर्शन नावाच्या विदुषीने १९७०च्या दशकाच्या आरंभी या वस्तीत राहून अभ्यास केला, आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात या स्वयंपाकघरांची हकीकत सविस्तर आली आहे. हुंड्याची कायदेशीर प्रथा ग्रीसने १९८३ साली रद्द केली. स्वयंपाकघरे मात्र राहिली.

मराठीत 'वेगळी चूल मांडली' म्हटले की घर फुटले असे समजावे. मी वर्गात या वाक्प्रचाराचा अर्थ वर्षानुवर्षे तसाच सांगत आलो आहे. निकेआत चुली वेगळ्या, पण एकीवरची बशी झाकून दुसरीकडे गेली नाही असा दिवस जात नाही. याया म्हणाली, "दोन बायका एका चुलीपाशी भांडतात. दोन चुली असल्या की एकमेकींना जेवायला बोलावतात."

मी हसलो खरा, पण मनात एक जुनी चूल पेटली.

साताऱ्याच्या आमच्या घरातही दोन चुली होत्या. भाऊ बोटीवरचे शिक्षण घ्यायला गेला आणि पहिल्याच सुट्टीत झोपाळ्यावर बसून त्याने जाहीर केले, "मी कोंबडी खातो." आई ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून एक जर्मनचे पातेले आणले. परसात धुण्याच्या दगडापाशी एक जुना रॉकेलचा स्टोव्ह ठेवला, आणि त्याला शांतपणे सांगितले, "इथे कर, इथेच खा, इथेच घास, आणि आंघोळ करून आत ये." ते पातेले परसातल्या खिळ्याला टांगलेले असे. त्याने तुळशीवरून जायचे नाही, हा नियम होता. त्यामुळे बाजारातून मटणवाल्याची पिशवी आणली की भाऊ मागच्या बोळातून, विहिरीला वळसा घालून परसात येई. सणासुदीला घरी आलेला मुलगा एकटा दगडावर बसून जेवताना खिडकीतून दिसे.

आणि मी? मी आत पाटावर बसून वरणभात खात असे. त्याच आठवड्यात पुण्याला, कॅम्पातल्या एका हॉटेलात, मित्रांबरोबर कोंबडीचा रस्सा ओरपून आलेला मी! कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माझा हा शनिवारचा नेम होता. झोपाळ्यावरची ती घोषणा झाली त्या दिवशी आईने माझ्याकडे वळून विचारले होते, "आणि तू रे?" मी म्हणालो, "छे!" त्या एका अक्षरावर पुढे पंचवीस वर्षे मी घरात मानाने जेवलो. सौ.लाही मी कधी सांगितले नाही. ती माहेरची मालवणची. लग्न होऊन आमच्याकडे आली आणि माशांचे नाव तिने ओठांवर आणले नाही. मी तिला कधी विचारलेही नाही.

तर त्या रविवारी सकाळी याया भावाच्या स्वयंपाकघरात येऊन दाखल झाली. बेत होता युवेत्सीचा. कोंबडी आणि पास्ता एकाच भांड्यात शिजवायचा हा प्रकार. युवेत्सी हा शब्द मूळचा तुर्की. 'ग्युवेच' म्हणजे मातीचे भांडे. माणसांची अदलाबदल झाली, भांड्याची झाली नाही. ते समुद्राच्या दोन्ही काठांवर राहिले. यायाच्या लहानपणी घरोघरी भट्टी नव्हती. रविवारी बायका आपापले भांडे भरून आळीतल्या पाववाल्याकडे नेऊन देत, त्याच्या भट्टीत ते शिजे, आणि प्रार्थनेहून परतताना प्रत्येकीने आपले भांडे ओळखून घरी न्यायचे. आता याया ते मोठ्या जाड बुडाच्या पातेल्यात गॅसवरच करते. चव तितकी येत नाही म्हणते, पण पायांना तेवढी चाल नको.

पास्त्याचा डबा तिने उघडला, आणि सौ. एकदम म्हणाली, "अगं बाई, गव्हले!"

खरेच गव्हले. लग्नघरी बायका बोटांच्या चिमटीत कणीक वळून तांदळाच्या दाण्याएवढे गव्हले करतात, त्यांची खीर रुखवतापासून पंगतीपर्यंत मिरवते, तेच हे. यंत्रातून निघालेले, इतकाच फरक. त्यांना ग्रीकमध्ये 'क्रिथाराकी' म्हणतात. अर्थ, छोटे जव. करतात मात्र गव्हाचे. तुर्कीतही त्यांच्या नावात जवच आहेत. पूर्वी यायाची आईही ते हातानेच वळी. सौ.ने चिमटीने वळून दाखवल्यावर याया तिच्या बोटांकडे पाहत राहिली आणि मग तिनेही वळून दाखवले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. अर्धा तास त्या बोलत होत्या.

कृती सोपी आहे. वाचकांपैकी ज्यांना हवी त्यांनी उतरून घ्यावी. सहा माणसांना सव्वा किलो कोंबडी, हाडांसकट, मोठे तुकडे. पातेल्यात अर्धी वाटी ऑलिव्ह तेल चांगले तापवून तुकडे दोन्हीकडून तांबूस परतायचे आणि ताटलीत काढून ठेवायचे. बुडाला जे लागलेले असते ते खरवडून टाकू नये, सगळी चव त्यातच असते. त्याच तेलात दोन कांदे बारीक चिरून, चार पाकळ्या लसूण. कांदा मऊ झाला की पाच टोमॅटो. हे टोमॅटो चिरायचे नाहीत. अर्धे कापून कापलेल्या बाजूने किसणीवर किसायचे, म्हणजे गर खाली पडतो आणि साल आपोआप हातात राहते. दालचिनीचा एक तुकडा, दोन तमालपत्रे, आणि मिरीसारखे दिसणारे पण लवंगेच्या वासाचे 'बाहारी' नावाचे चार दाणे. ते नसतील तर दोन लवंगा चालतील. मीठ, चिमूटभर साखर. मग कोंबडीचे तुकडे परत घालायचे, ते बुडतील इतके गरम पाणी ओतायचे आणि झाकण ठेवून मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे विसरून जायचे.

मांस मऊ झाले की क्रिथाराकीची पाळी. सहा जणांना तीन वाट्या. वाटीला तीन वाट्या रस पाहिजे, कमी असेल तर उकळते पाणी घालावे. इथून मात्र पातेल्याजवळून हलू नये. दाणे बुडाला चिकटू पाहतात, उलथन्याने हलवत राहावे लागते. वेगळ्या पाण्यात शिजवून निथळलेल्या पास्त्याची खळ मोरीत जाते. इथे ती रसातच उतरते, आणि रस्सा आपोआप दाट होतो. कोंबडीचे सत्त्व दाण्यांत शिरते, दाण्यांची खळ रश्शात येते. दहा-बारा मिनिटांनी, रस अजून थोडा पातळ असतानाच गॅस बंद करायचा आणि पातेल्यावर फडके टाकून दहा मिनिटे थांबायचे. दाणे तेवढ्या वेळातही रस पितच असतात. कोरडे होईपर्यंत आचेवर ठेवले तर पानात लापशी येते. आपल्या वरणफळांना हाच नियम लागू आहे, हे सुगरणींना सांगायला नको. वरून मेंढीच्या दुधाचे कडक चीज किसून घालतात.

याया पातेल्याशी उभी असताना भावाने शेजारच्या शेगडीवर एक छोटे भांडे ठेवले. त्यात तेल, टोमॅटो आणि मूठभर क्रिथाराकी. यायाने डाव थांबवला.

"हे काय?"

"दादासाठी," भाऊ म्हणाला. "तो मांस खात नाही."

यायाने माझ्याकडे काळजीने पाहिले. "आजारी आहे?"

"नाही."

"उपास? आज तर रविवार!" तिच्या धर्मात बुधवारी आणि शुक्रवारी सामिष वर्ज्य. रविवारी उपास करणारा माणूस तिने पाहिला नव्हता. मग तिने हलक्या आवाजात भावाला काही विचारले. भाऊ हसला. मी अर्थ विचारला तेव्हा म्हणाला, "विचारते आहे, तुमचं दोघांचं भांडण आहे का? इथे एका घरात दोन भांडी चढली म्हणजे लोक असंच समजतात."

मी काही न बोलता अंगणात गेलो. तिथे भिंतीला लागून डबे मांडलेले होते. इकडे ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून फुलझाडे लावतात. त्या रांगेच्या शेवटी, पोचे आलेल्या एका पातेल्यात, हिरवागार सब्जा उभा होता. तुळशीची ही सख्खी बहीण. ग्रीक लोक तिला फार मानतात, सप्टेंबरात क्रुसाच्या सणाला देवळातून तिच्या डहाळ्या वाटतात. पण मी पाहत होतो ते पातेले. त्याच्या कडेला खिळ्यासाठी पाडलेले भोक होते.

साताऱ्याच्या वाटणीत समई मी घेतली, घंगाळ मी घेतले, आईचा ताम्हन-पंचपात्रीचा संच मी घेतला. भावाने काय नेले, हे मी पाहिलेही नव्हते.

आत आलो तेव्हा पाने मांडून झाली होती. भाऊ माझ्यासमोर ते छोटे भांडे ठेवत होता. मी ते बाजूला सारले आणि ताट मोठ्या पातेल्यापुढे धरले.

"दादा, त्यात कोंबडी आहे."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "मी खातो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून खातो. तू परसात बसायचास तेव्हाही खात होतो."

भावजय सौ.कडे पाहू लागली. सौ. माझ्याकडे. भावाने डाव भरून माझ्या ताटात वाढले, एक तंगडीचा तुकडा निवडून घातला, आणि मग शांतपणे म्हणाला, "मला माहीत होतं."

"कसं?"

"सुट्टीला घरी यायचास तेव्हा तुझ्या खिशात बडीशेपेची पुडी असायची. आपल्या घरात बडीशेप कोण खायचं?"

"मग बोलला का नाहीस?"

"आईला दुसरं पातेलं आणायला लागलं असतं," तो म्हणाला. "म्हटलं, एक पुरे."

मला घास गिळता येईना. यायाला वाटले, तिखट लागले. तिने घाईघाईने पाणी पुढे केले. तेवढ्यात सौ.ने आपले ताट पुढे सरकवले आणि भावाला म्हणाली, "भाऊजी, मलाही वाढा. आणि उद्या बंदरावर जाऊन मासे आणू. यांना विचारायचं कारण नाही." भावाने तिला वाढले. छोट्या भांड्यातली क्रिथाराकी यायाने तिच्या मोठ्या पातेल्यात उलटी केली, ढवळली, आणि रिकामे भांडे मोरीत टाकले.

युवेत्सी कशी लागली? दालचिनीचा वास असा की आपल्या खड्या मसाल्याची आठवण यावी, टोमॅटोचा आंबटपणा, आणि दाण्यादाण्यात मुरलेला रस. मी दुसऱ्यांदा घेतले. भावाने तिसऱ्यांदा आग्रह केला. साताऱ्याला पंगतीत आम्ही शेजारी बसून इतके कधी जेवल्याचे मला आठवत नाही. कारण आम्ही कधी बसलोच नव्हतो.

आई असती तर हे सारे मी बोललो असतो का? खरे सांगायचे तर बोललो नसतो. तिच्यावर राग धरावा असेही मला वाटत नाही. तिने आपल्या समजुतीप्रमाणे मुलाला उपाशी ठेवले नाही, त्याच्यासाठी चूल मांडून दिली. वेगळ्या चुलीने घर फुटत नाही, हे निकेआने मला दाखवले. फुटले असेल तर ते माझ्या त्या एका 'छे'ने.

परत आल्यावर पुण्याला एका रविवारी मी युवेत्सीचा बेत केला. क्रिथाराकी आता इथल्या मोठ्या दुकानांत ऑर्झो नावाने मिळते. कांदा चिरून झाला, टोमॅटो किसून झाले. मुलगी ओट्याशी उभी होती. ती भांड्यांच्या मांडणीकडे वळून म्हणाली, "बाबा, कुठल्या पातेल्यात करायचं?"

मी काही बोलण्याआधी आतून सौ.चा आवाज आला, "रोजच्या."